काडी म्हटलं की डोळे मिटायचे

१

पेटी उघडली तर आत नुसती निळी मखमल होती.

अनुपमाने आधी बोट फिरवून पाहिलं, मग लाल कागद लावलेला टॉर्च आत धरला. मखमलीत गोल खळगा होता, वस्तू नव्हती. "कुणी घेतलीय?" ती म्हणाली. "मस्करी असेल तर आत्ता सांगा. प्लीज." कुणी हसलं नाही.

साल १९८६, डिसेंबरातला शेवटचा शनिवार. आरे कॉलनीत तबेल्यांच्या मागे एक टेकाड आहे, तिथे आमचं आकाश मंडळ संध्याकाळचं जमायचं. धूमकेतू येणार म्हणून वर्षाच्या सुरुवातीला मंडळात उभं राहायला जागा नव्हती. तो आला, लोकांना वाटला होता त्यापेक्षा बारका निघाला, आणि सगळे पांगले. उरलो आम्ही पाच चिवट.

पहिले गुणाजी पाताडे, मूळचे कोकणातले, सगळ्या मंडळाचे काका. संपात गिरणी सुटली, तेव्हापासून भांडुपला एका वर्कशॉपात लेथवर होते. दुर्बीण त्यांनी स्वतः बनवलेली, तिची भिंगंसुद्धा. गिरणीत मागावरचा धोटा उडून डावा डोळा कायमचा गेला होता, आणि उरलेल्या एका डोळ्याने ते आम्हा सगळ्यांना आकाश दाखवायचे. दुसरे चंद्रप्रकाश कोर्डे, अंधेरीचे, विमा कंपनीत अधिकारी. मंडळाचे नियम तेच करायचे, आणि मोडणाऱ्याला तेच झापायचे. तिसरा मरोळचा बेनेडिक्ट किणी, फ्रिज दुरुस्त करणारा, मंडळातला एकमेव सिगारेटवाला. चौथी अनुपमा, मुलुंडच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत टेंपररी. पाचवा मी, नंदू. मी बँकेत आहे, आणि माझ्याविषयी सांगण्यासारखं एवढंच.

हरवली होती ती आयपीस. दुर्बिणीला आपण जिथे डोळा लावतो, ती भिंगांची नळी. ही परदेशी, जड आणि महागडी होती. अनुपमाने ती कॉलेजच्या कपाटातून न विचारता आणली होती, फक्त एका संध्याकाळपुरती. नाताळच्या सुट्टीत कपाट कोण उघडतंय? पण शुक्रवारी संध्याकाळी फर्मान निघालं, की सोमवारी सकाळी सगळ्या सामानाची मोजदाद.

"सोमवारी ती कपाटात नसेल तर मला घरी बसवतील," ती म्हणाली. तिच्या पगारावर आई आणि धाकटी बहीण होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

आम्ही गवत विंचरून काढलं. खिसे उलटे केले, पिशव्या झटकल्या. शेवटी चंद्रप्रकाश ताठ उभे राहिले. "काडीच्या वेळेला गेली," ते म्हणाले. "आधी होती, नंतर नाही. आणि काडी कुणी म्हटलं?"

सगळ्यांनी बेनेडिक्टकडे पाहिलं.

"उद्या रात्रीपर्यंत वस्तू आली नाही, तर परवा मी पोलिसात जाणार. नावासकट."

म्हणजे वस्तू मिळाली नाही तरी अनुपमाची नोकरी जाणार, आणि पोलीस कॉलेजात पोचले तरी जाणार. ती पेटी छातीशी धरून उभी होती. रडली मात्र नाही.

२

माझी वनमालामावशी तीस वर्षं कोर्टात शॉर्टहँड घेत होती. साक्षीदार काय बोलतो हे वकील ऐकतात, कसा बोलतो हे मावशी ऐकायची. रिटायर होऊन घाटकोपरला आमच्याकडे राहायला आली आणि घरात खोटं बोलायची सोय राहिली नाही. रविवारी सकाळी अनुपमाला मी तिच्यासमोर बसवलं.

"मला आकाशातलं ओ की ठो कळत नाही," मावशी म्हणाली. "हे काडी काय प्रकरण आहे, ते आधी सांग."

अनुपमाने सांगितलं. अंधारात डोळा हळूहळू मुरतो. बराच वेळ गेल्यावर त्याला फिकट गोष्टी दिसायला लागतात. मध्येच कुणी काडी पेटवली, की सगळी तपश्चर्या पाण्यात. म्हणून सिगारेटवाल्याने वाऱ्याच्या खालच्या अंगाला, कातळावर जायचं, म्हणजे धूर दुर्बिणीच्या आरशावर बसत नाही आणि सुकं गवत पेटत नाही. पाठ फिरवायची आणि मोठ्याने म्हणायचं, "काडी!" सगळ्यांनी डोळे मिटायचे. पेटवून झाली, की तो म्हणणार, "झाली!" मग उघडायचे.

"आणि ज्याने पेटवली त्याचे डोळे?"

"ते गेलेच ना. म्हणून त्याचा नंबर शेवटचा. निवेपर्यंत त्याने रांगेत मागे थांबायचं."

"शहाणी माणसं," मावशी म्हणाली. "सगळ्यांनी एका आवाजावर डोळे मिटायचे, आणि शेजारी मौल्यवान वस्तू. पुढे?"

"दुर्बिणीला काकांचीच आयपीस लावलेली होती. त्रिकोण म्हणून एक छोटा तारकासमूह आहे, त्यातली दीर्घिका बघायची होती. फार फिकट असते. चंद्रप्रकाशसर म्हणाले, आता ती परदेशी लावा. मी पेटी उघडून बघितली, होती. टेबलावर ठेवली, आणि तेवढ्यात बेनेडिक्ट म्हणाला, काडी. वारा होता, त्याची पहिली विझली, दुसरी ओढली. बराच वेळ गेला. मग झाली म्हणाला. काका म्हणाले, आधी आहे त्याच आयपीसने सगळे बघून घ्या, मग बदलू. रांग टेबलाला लागूनच होती, नंतर पेटीला कुणी हात लावला असता तर कळलं असतं."

"दुर्बीण कुणी लावली?"

अनुपमाचा चेहरा एकदम उजळला. "मी! आकाश सरकतं ना, दर वेळी पुन्हा नेमावी लागते. ते काम नेहमी काकांचं, पहिली नजर त्यांची. काल पहिल्यांदा मला म्हणाले, तूच लाव. दोन वर्षं मी वाट बघत होते, मावशी. आणि सापडली मला! त्रास झाला, पण सापडली."

"कसला त्रास?"

"काल दुर्बीण सारखी मान वर करत होती. हात काढला की तोंड वर. एरवी जिथे सोडू तिथे थांबते."

मावशीने तिला चहा दिला आणि मला म्हणाली, "चप्पल घाल. अंधेरी."

३

चंद्रप्रकाश कोर्ड्यांनी आम्हाला बसा म्हटलं, पण तोंडावर 'लवकर उठा' लिहिलेलं होतं.

"पुरावा म्हणाल तर," ते म्हणाले, "मी पहिल्यापासून सांगतोय, सिगारेट पूर्ण बंद करा. ही काडीची सवलत गुणाजीने दिली. बेनेडिक्टसारखा हाताचा कारागीर जाऊ नये म्हणून. आता भोगा."

"तुम्ही डोळे मिटले होते?"

"नियम मी केलाय, बाई."

"म्हणजे मिटले होते असं तुम्ही म्हणत नाही."

चंद्रप्रकाशांचा रंग उडाला. "एक मिटला होता," ते शेवटी म्हणाले. "दुसरा किलकिला. हा माणूस पाठ फिरवतो की नाही, ते मी दर वेळी बघतो. निरीक्षणाचा डोळा सांभाळला की झालं."

"म्हणजे एका डोळ्याने उजेड पाहिला, तरी दुसऱ्याने ती दीर्घिका दिसते?"

"अर्थात. मला व्यवस्थित दिसली. अनुपमानंतर मीच पाहिलं. नंदूला विचारा, मी त्याला तिचा लांबट आकारसुद्धा वर्णन केला."

ते खरं होतं. मी मान डोलावली.

"आणि त्या किलकिल्या डोळ्याला काय दिसलं?"

"बेनेडिक्टची पाठ. दोन्ही वेळा."

"दोन्ही काड्यांच्या वेळी तो कातळावरच होता? आणि तरी तुम्ही त्याचं नाव पोलिसात देणार?"

चंद्रप्रकाश उभे राहिले. "साथीदार असेल," ते म्हणाले. "उदाहरणार्थ, तुमचा भाचा."

दारात मी चपला आपटत घातल्या. मावशी शांत होती. "याच्यावर राग धरू नकोस," ती म्हणाली. "याने आपल्याला सगळ्यात खरी साक्ष दिली."

४

मरोळच्या गावठाणात घराघरावर कागदी चांदण्या टांगलेल्या होत्या. बेनेडिक्टच्या ओट्यावर त्याची आई मार्सेलिनाबाई बसली होती. तिने आमच्यापुढे नाताळच्या फराळातल्या गोड कुलकुलांची बशी सरकवली आणि आत जाऊन मुलाला उठवलं. त्याने रात्रभर डोळा लावलेला दिसत नव्हता.

"मी चोर असतो, तर काडी कशाला म्हटलं असतं?" तो म्हणाला. "मलाच पहिलं धरणार, एवढी अक्कल आहे मला, आँटी."

"तुझे दोन्ही हात गुंतलेले होते, मला माहीत आहे. मला फक्त रांग सांग. कोण कुणामागे?"

"अनुपमा, कोर्डेसाहेब, हा नंदू, मग मी. माझा शेवटचा नंबर असतो." तो थांबला. "नाही. काल मी शेवटचा नव्हतो. माझ्यामागे काका होते."

"नेहमी?"

"छे! काका कायम पहिले. मी म्हटलं पण, काका, पुढे व्हा ना. तर म्हणाले, असू दे रे, तू बघ, मी थांबतो."

"अजून काही म्हणाले?"

बेनेडिक्टने कपाळ चोळलं. "विचारत होते, दुसरी सिगारेट कधी ओढणार? मला वाटलं ओरडतायत. म्हटलं, आज नाही ओढत, काका, कोर्डेसाहेब डोक्यात जातात. तर ते एकदम गप्पच झाले."

मावशीच्या हातातलं कुलकुल तसंच राहिलं. काकांचं नाव मनात आलं आणि मी ते ढकलून दिलं.

"तू आज काय करणार आहेस?" मावशीने विचारलं.

"मुलुंडला जातोय. अनुपमाला सांगायला, की कॉलेजात माझं नाव घे. म्हण, बेनेडिक्टने कुलूप तोडून नेली. मला काय, फ्रिज कुठेही दुरुस्त होतात. तिची नोकरी तरी राहील."

"थोडा वेळ थांब," मावशी म्हणाली. "संध्याकाळी जा. आम्ही तिथेच येतो."

५

बसस्टॉपवर मी भांडलो. "काका नाहीत. कोणीही असेल, काका नाहीत."

"मग तू सांग," मावशी म्हणाली. "चोराला हाताने चाचपून पेटी उघडता येईल. पण एक गोष्ट त्याला बघावीच लागते. कुठली?"

"कुठली?"

"बाकीच्यांचे डोळे मिटलेत की नाही, ही. म्हणजे चोराने काडीचा उजेड पाहिला. आता तू चोर आहेस असं धर. काय करशील?"

"एक डोळा मिटून ठेवीन," मी म्हणालो. "दुसऱ्याने चोरी करीन. मग मिटलेला डोळा दुर्बिणीला लावीन. चंद्रप्रकाशांनी केलं तसं."

"अनुपमानेही तेच केलं असतं. बेनेडिक्ट कातळावर होता. काडीनंतर कुणाला काहीच दिसेनासं होईल असा तुमच्यात कोण आहे? ज्याला सांभाळून ठेवायला दुसरा डोळाच नाही, असा कोण?"

मी बस येतेय का ते बघायला लागलो.

"आता दुर्बिणीचं तोंड वर का होत होतं, ते सांग. शेपटाकडे काय असतं?"

"नट-बोल्टची पिशवी. तोल सांभाळायला काकांनी टांगलीय." आम्ही खिसे झटकले, गवत विंचरलं. दुर्बीण कुणी झाडली नव्हती. दुर्बीण म्हणजे काकाच.

"पिशवीत आयपीस गेली, शेपूट जड झालं म्हणून मान वर," मावशी म्हणाली. "मला आकाश कळत नाही रे, पण तराजू कळतो."

"पण त्यांनी रांगेत मागे का जावं? पुढे होऊन 'दिसली' म्हणाले असते तर कुणाला कळलं असतं?"

मावशीने मान डोलावली. "तेच मला खटकतंय. ज्याच्या डोळ्यात उजेड गेला, त्याने मागे थांबायचं, हा नियम ना? त्यांनी तो पाळला. चोरी केली, पण न दिसलेलं दिसलं म्हणायला जीभ उचलली नाही. असा चोर मी कोर्टात पाहिला नाही."

बस आली. आम्ही भांडुपला उतरलो.

६

काकांच्या खोलीचं दार उघडंच होतं. दुर्बीण कोपऱ्यात चादरीखाली उभी होती. काका लोखंडी खाटेवर बसले होते, आणि शेजारी रुमालावर आयपीस होती. लपवलेली नव्हती. जणू कुणीतरी यायची वाट बघत होते.

"या, बाई," ते म्हणाले. "कोर्डे पोलिसात गेले?"

"उद्या जाणार. तुम्ही का घेतलीत?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "टेकडी चढताना पोरगी म्हणाली, काका, तुमची आयपीस आता पेटीत ठेवून द्या, आराम करू दे तिला. हसत म्हणाली. तिच्या मनात काय नव्हतं. पण माका लागलां. चार महिने घासून केली होती ती भिंगं. गिरणी गेली, डोळा गेला, माणसं गेली. म्हटलं, आजची एक दीर्घिका तरी माझ्या भिंगातून बघू देत. मग ठेवतो परत. बेनेडिक्ट दुसरी काडी ओढेल, तेव्हा ठेवू."

"आणि त्याने ओढली नाही."

"नाय ओढल्यान." त्यांनी रुमालाचं टोक सरळ केलं. "मग कोर्डेनी पेटी उघडायला सांगितली. तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलं, आणि पोरगीचा चेहरा बघितला. ती म्हणत होती, काका, तुम्ही तरी शोधा. मी शोधायला लागलो. माझ्याच हातान लपवलेली वस्तू मी गवतात शोधत होतो, बाई."

मला त्यांचा इतका राग आला की रडू आलं. एक माणूस रात्रभर चोर ठरला होता, एक मुलगी नोकरी जायची वाट बघत होती, आणि हे आपले खाटेवर बसलेले.

"सकाळीच का नाही नेऊन दिलीत?" मी ओरडलो.

"दोनदा निघालो. वाक्य सुचेना."

"वाक्य नको," मावशी म्हणाली. "चला."

७

मुलुंडला अनुपमाचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. बेनेडिक्ट आधीच आला होता. तो तिला पटवत होता आणि ती नाही नाही म्हणत होती. काकांनी दारातूनच रुमाल पुढे केला.

"मी घेतली होती," ते म्हणाले. "बेनेडिक्टचा काय संबंध नाही. कोर्डेला मी आत्ता जाऊन सांगतो."

बेनेडिक्ट त्यांच्याकडे बघत राहिला. मग गॅलरीत गेला आणि कुणाला काही न सांगता त्याने सिगारेट पेटवली. काही वेळाने तिथूनच म्हणाला, "काका, मागितली असती ना, तर मी दहा काड्या ओढल्या असत्या." त्याच्या आवाजात शिवी नव्हती. असती तर बरं झालं असतं.

अनुपमाने आयपीस उजेडात धरली, फिरवली, भिंग तपासलं. ओरखडा नव्हता. ती पेटीत ठेवून तिने झाकण लावलं. सकाळी ती कपाटात जाणार होती. नोकरी वाचली होती. आता ती ओरडेल म्हणून मी वाट बघत होतो.

"काका," ती म्हणाली, "मग मला दुर्बीण लावायला दिलीत ती का?"

काकांनी दाराची चौकट धरली.

"माझा हात तयार झाला म्हणून दिलीत ना?"

खोटं बोलायला इतकी सोपी जागा मी आयुष्यात पाहिली नाही. आम्ही सगळे मनातल्या मनात त्यांना सांगत होतो, हो म्हणा. मावशीसुद्धा, मला खात्री आहे.

"नाय, बाय," काका म्हणाले. "माका दिसत नव्हतां."

नोकरीच्या भीतीने एवढ्या वेळात जिच्या डोळ्यात पाणी आलं नाही, ती मुलगी तिथे पाटावर बसली आणि रडायला लागली. तिची आई स्वयंपाकघरातून धावत आली, काय झालं, काय झालं विचारत. मी तिला पेटी दाखवली. वस्तू तर मिळाली होती.

जिन्यात काका थांबले. "बाई, तुम्ही जन्मभर साक्षी ऐकल्यात," ते म्हणाले. "हो म्हणायला हवं होतं का मी?"

खाली पायऱ्यांवर दिवा नव्हता, तेव्हा मावशीने काकांचा हात धरला आणि दोघं हळूहळू उतरायला लागले.